भावानं आत्महत्या केली, आता चर्चमध्ये त्याचं नावही कोणी घेत नाही

नगरची_लेक

सगळ्यांना सलाम. इथं मी नुसती वाचत असते, पहिल्यांदाच लिहितेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावानं आत्महत्या केली. कशी केली ते लिहिणार नाही, कृपया विचारू नका. पंचनाम्याला विचारलं, शवविच्छेदनाच्या दारात विचारलं, मयतीला आलेल्या प्रत्येकानं विचारलं, तेवढं पुरे झालं. त्याला डिप्रेशन होतं. गोळ्या चालू होत्या. मध्ये बरं वाटायला लागलं तेव्हा त्यानं त्या स्वतःच बंद केल्या आणि आम्हाला कळू दिलं नाही. संडेस्कूलला शिकवायचा. नाताळात घरोघर गीतं म्हणत फिरायचो तेव्हा ढोलकी त्याच्याच गळ्यात असायची.

दफन झालं, पण पेटी चर्चमध्ये नेली नाही. घरून थेट दफनभूमीत. एक शास्त्रभाग, एक प्रार्थना, संपलं. गीत एकही नाही. चर्चच्या कमिटीतल्या एका वडीलधाऱ्यांनी आईला सांगितलं, "त्याच्यासाठी आता काही मागून उपयोग नाही, राहिलेल्यांना सांभाळा." हे सांत्वन म्हणून सांगितलं बरं का! तेव्हापासून आई चर्चला येत नाही, प्रभुभोजनाला तर नाहीच. रात्री दोन-दोनला उठून विचारते, "तो कुठं असेल गं?"

आता मुद्द्याचं. आमच्याकडे ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वर्षभरात प्रभूमध्ये निजलेल्यांची नावं वाचतात. भावाचं नाव त्या यादीत घ्यायचं की नाही यावर कमिटीत वाद चालू आहे म्हणे. मी बँकेत काम करते, ईश्वरविज्ञान शिकलेली नाही. शास्त्रात याबद्दल नक्की काय आहे ते जाणकारांनी सांगावं. "वेळ हेच औषध" वगैरे नको, प्लीज.

सांजवारा

ताई, काय बोलावं कळत नाही. आईचं नाव न सांगताही आज रात्रीच्या प्रार्थनेत त्यांना आठवेन.

जुना_पंच

ताई, तुमच्या दुःखात सहभागी आहे. मी स्वतः बरीच वर्षं कमिटीत काढली आहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो, राग मानू नये. सहावी आज्ञा "खून करू नको" अशी आहे आणि त्यात स्वतःचा जीवही आलाच. करिंथकरांस पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात पौल म्हणतो की तुम्ही देवाचं मंदिर आहात आणि जो ते मंदिर नष्ट करतो त्याचा देव नाश करील. शिवाय पश्चात्तापाला वेळच उरत नाही. मंडळीत तरुण पोरं बसलेली असतात. उद्या त्यांना वाटलं की असं गेलं तरी सगळं तसंच होतं, तर जबाबदार कोण? कमिटी दगडाच्या काळजाची नसते, तिला हाही विचार करावा लागतो.

सांजवारा

पंचसाहेब, आज हे लिहायलाच हवं होतं का?

नगरची_लेक

असू दे. हेच तोंडावर न बोलता पाठीमागे बोलतात. इथं निदान उत्तर तरी देता येईल कोणाला.

निवृत्त_पाळक

मुली, मी सेवेतून निवृत्त झालेला पाळक आहे. अशा घरांत मी गेलो आहे, असे दफनविधी केले आहेत. सावकाश लिहितो.

आधी शास्त्रात काय आहे ते पाहू. स्वतःच्या हातानं मेलेल्यांच्या गोष्टी पवित्र शास्त्रात आहेत, पाच-सहा तरी. शौल राजा आणि त्याचा शस्त्रवाहक. दाविदाचा मंत्री अहीथोफेल. राजा जिम्री. अबीमलेखानं शस्त्रवाहकाला सांगून घडवून आणलं. शत्रूंवर इमारत पाडून स्वतःही त्यात गेलेल्या शमशोनाचं मरण यात धरायचं की नाही यावर वाद होऊ शकतो. नव्या करारात येशूला धरून देणारा यहूदा. यातल्या एकाही ठिकाणी, "असा मेला म्हणून याला तारण नाही," असं वाक्य नाही. पापाबद्दल आहे, बंडाबद्दल आहे, विश्वासघाताबद्दल आहे. यहूदाबद्दल येशूनं जे कठोर शब्द काढले ते वल्हांडणाच्या भोजनाच्या वेळचे आहेत, त्याच्या मरणाआधीचे, आणि ते धरून देण्याबद्दलचे. शमशोनाचं नाव तर इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासवीरांमध्ये घेतलं आहे.

अहीथोफेलाची गोष्ट कमिटीला जरूर वाचून दाखवावी. दुसरे शमुवेल १७:२३. दाविदाशी फितूर झालेला माणूस, म्हणजे आदर करावा असा नव्हे. तरी त्या वचनाचा शेवट पाहा: त्याला त्याच्या बापाच्या कबरेत पुरलं. घराण्याच्या कबरेत. वेगळी जागा नाही, कुंपणाबाहेर नाही.

शौलाचं तर विचारूच नका. पलिष्ट्यांनी त्याचं धड बेथ-शानच्या भिंतीला टांगलं. याबेश-गिलादाच्या लोकांना हे कळलं. त्यांच्या गावाला शौलानं पूर्वी एकदा वाचवलं होतं. त्यांच्यातले शूर लोक रातोरात चालत गेले, शत्रूच्या भिंतीवरून शौलाचं आणि त्याच्या मुलांचं शव काढून आणलं, अस्थी झाडाखाली पुरल्या आणि सात दिवस उपास केला. आणि दावीद? ज्याच्या जिवावर शौल उठला होता तो दावीद शौलासाठी विलाप रचतो. त्यात दोषारोपाचा एक शब्द नाही. पुढं याबेश-गिलादाच्या लोकांना तो निरोप धाडतो की तुम्ही ही दया केलीत, परमेश्वर तुमचं कल्याण करो. मंडळीनं कसं वागावं याचा याहून स्पष्ट नमुना मला तरी ठाऊक नाही.

आता पंचसाहेबांचं वचन. करिंथच्या मंडळीत मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा असे तट पडले होते. तो अख्खा अध्याय त्यावर आहे. मंदिर म्हणजे तिथं ती मंडळी, आणि ती भांडून मोडणाऱ्यांना पौलानं दिलेला तो इशारा आहे. आजारानं पिचलेल्या तरुणाच्या कबरेवर ते वचन वाचायचं म्हणजे पौलाच्या तोंडी नसलेलं घालणं.

राहिला पश्चात्तापाला वेळ न मिळण्याचा प्रश्न. पंचसाहेब, झोपेत हृदय बंद पडून जाणाऱ्याला तरी कुठं मिळतो? भावाशी अबोला धरलेला माणूस घाटात अपघातात जातो, त्याला आपण यादीतून वगळतो का? शेवटच्या श्वासाला हिशोबाची वही कोरी होती की नाही यावर तारण ठरणार असेल, तर तुम्ही-मी कोणीच झोपू नये. आपण कृपेनं तारले जातो असं आयुष्यभर शिकवायचं आणि कबरेशी उभं राहून कर्माचा हिशोब काढायचा, हे मला कधी जमलं नाही.

मार्टिन ल्यूथरसारख्या कडक माणसानंही १५३२ साली जेवणाच्या टेबलावर बोलताना म्हटलं होतं की असे लोक नक्कीच नरकात जातात हे मला मान्य नाही. रानात दरोडेखोरानं मारलेल्या वाटसरूसारखी त्यांची गत असते. त्यांना ते करायचं नसतं, त्यांच्यावर मात केली जाते. सोळाव्या शतकात डिप्रेशन हा शब्दही नव्हता, तरी त्याला एवढं दिसत होतं.

आईला रोमकरांस ८:३८-३९ वाचून दाखव. "कारण माझी खातरी आहे की, मरण, जीवन, देवदूत, अधिपती..." अशी ती मोठी यादी आहे. देवाच्या प्रीतीपासून आपल्याला तोडू शकणार नाहीत अशा गोष्टींची. त्या यादीत पहिलं काय आहे बघ. मरण. आणि पौलानं तिथं कोणत्या प्रकारचं मरण ते लिहिलेलं नाही.

वसईची_मावशी

पाळकसाहेब, सुरेख लिहिलंत. आम्ही कॅथलिक. (आमच्यात "खून करू नको" ही पाचवी आज्ञा, सहावी नव्हे. हा हिशोब पुन्हा कधी!)

आमच्या चर्चचाही इतिहास इथं फार चांगला नाही, तो सांगून टाकते. चौथ्या-पाचव्या शतकात संत ऑगस्टिननं आत्महत्येला आज्ञाभंग ठरवलं. त्याच्या मनात रोमच्या लुटीत अब्रू गेलेल्या स्त्रियांचा प्रश्न होता, हे लोक विसरतात. मग सहाव्या शतकात पोर्तुगालमधल्या ब्रागाच्या धर्मसभेनं अशांसाठी विधी करायला मनाई केली. १९१७ च्या धर्मसंहितेतही (चर्चच्या कायद्याच्या ग्रंथात) जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला चर्चचा दफनविधी नाही, असं कलम होतं. माझ्या आजीच्या पिढीनं ते पाहिलंय. कबरस्तानाच्या कडेची जागा, घंटा नाही.

१९८३ साली नवी संहिता आली तेव्हा दफनविधी नाकारायच्या यादीतून आत्महत्या काढून टाकली. आणि १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात २२८२ आणि २२८३ क्रमांकाचे परिच्छेद आहेत. आत्महत्या हे गंभीर पाप आहे हे तिथं लपवलेलं नाही. पण मानसिक आजार, पराकोटीची वेदना किंवा भीती असेल तर त्या माणसाची जबाबदारी कमी होते, हेही लिहिलंय. पुढच्या परिच्छेदाचा आशय असा की अशांच्या सार्वकालिक तारणाची आशा आपण सोडू नये, फक्त देवालाच ठाऊक असलेल्या मार्गांनी तो त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो, आणि चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं. पंचसाहेबांच्या "वेळ उरत नाही" या मुद्द्याला हे सरळ उत्तर आहे. आपल्याला क्षण दिसतो, देवाला त्या क्षणात किती वेळ आहे ते आपण मोजू शकत नाही.

फ्रान्समधल्या आर्स गावच्या संत जॉन व्हिआनीबद्दल एक आठवण सांगतात. असाच नवरा गमावलेली एक विधवा त्यांच्याकडे आली. तिनं तोंड उघडण्याआधीच ते म्हणाले की त्याचं तारण झालं आहे, शेवटच्या क्षणी त्याला पश्चात्ताप करता आला. हे एकोणिसाव्या शतकातलं, म्हणजे नियम अजून कडक होते तेव्हाचं.

माझ्या जावेचा मुलगा असाच गेला. आमच्या फादरांनी पूर्ण मिस्सा (आमची चर्चमधली मुख्य उपासना) केली, प्रवचनात त्याचं नाव घेतलं, आजाराचंही नाव घेतलं. सगळं गाव बसलेलं होतं. महिन्याच्या मिस्सेलाही तेवढेच लोक आले. जाऊ सावरली असं म्हणणार नाही मी. पण तिला मान खाली घालून चालावं लागलं नाही.

विलायती_नगरी

ज्यांना "आपली जुनी पद्धत" वाटते त्यांच्यासाठी थोडी भर. १६६२ च्या इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकात दफनविधीच्या सुरुवातीलाच सूचना आहे की बाप्तिस्मा न झालेले, बहिष्कृत आणि स्वतःवर हात टाकलेले यांच्यासाठी हा विधी वापरू नये. १८२३ पर्यंत तिथं अशांना चव्हाट्यावर, रस्त्यात पुरायची रीत होती. त्या वर्षीच्या कायद्यानं चर्चच्या आवारात जागा दिली, पण रात्री नऊ ते बाराच्या मध्ये आणि विधीशिवाय! मालमत्ता सरकारजमा व्हायची ती १८७० मध्ये थांबली. म्हणजे यात धर्म किती आणि राजाची तिजोरी किती, हे तुम्हीच ठरवा. चर्च ऑफ इंग्लंडनं आपला नियम अधिकृतपणे बदलायला तर २०१७ उजाडलं, जरी पाळक तो कधीच पाळेनासे झाले होते.

आपल्याकडे मुंबई-पुण्याकडच्या अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या) मंडळ्यांत ते प्रार्थनापुस्तक आलं. नगरला १८३१ पासून काम करणारं अमेरिकन मिशन त्या परंपरेतलं नव्हतंच. १९७० मध्ये नागपूरला सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली तेव्हा हे सगळे एका घरात आले. त्यामुळे पेटी आत न नेण्याची "आपली" पद्धत कुठून आली हे ताईंनी कमिटीला नम्रपणे विचारायला हरकत नाही.

त्र्यंबकचा_शेजारी

मी ख्रिस्ती नाही, नाशिककडचा आहे, धागा वाचून राहवलं नाही. आमच्यात असं मरण आलं की त्र्यंबकेश्वरला नारायणबळी करतात. त्यावर विश्वास किती हा भाग वेगळा, पण माझ्या काकूला तीन दिवस काहीतरी करायला मिळालं. हातांना काम, भटजींचं बोलणं, आंघोळी, पिंड. परतताना ती पहिल्यांदा जेवली. तुमच्यात घरच्यांना करण्यासारखं काही नसतं का?

निवृत्त_पाळक

शेजारीबुवा, तुम्ही आमच्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. आम्हा प्रॉटेस्टंट लोकांत मृतासाठी विधी नाही. मेलेल्याला पुढं ढकलायचं काम माणसाच्या हाती नाही, ते ख्रिस्तानं केलं आहे, अशी आमची शिकवण आहे आणि मी तिच्यावर उभा आहे. पण त्यामुळे घरच्यांचे हात रिकामे राहतात. वसईच्या बाईंकडे मिस्सा आहे. आमच्याकडे घरची सांत्वनपर भक्ती असते, वर्षाची स्मरणार्थ उपासना असते, कबर बांधणं, फुलं नेणं असतं. साध्या आजारानं गेलेल्यासाठी हे सगळं होतं. अशा मरणाला लाजेनं हेही होत नाही. मग त्या आईनं करायचं काय? म्हणून यादीतलं नाव लहान गोष्ट नाही.

झुडपाखाली

पंचसाहेबांनी तरुण पोरांचा विषय काढला म्हणून लिहितो. मी तसा पोरगा होतो. आता चाळिशी आली.

मला त्या काळात मरायचं नव्हतं, थांबवायचं होतं. खरंच वाटायचं की मी नसेन तर घरचे सुखी होतील. हा विचार कोणी भरवला नव्हता, आजारात तो आपोआप येतो आणि शंभर टक्के खरा वाटतो. विश्वास नव्हता असंही नाही. प्रार्थना करायचो. ताई, तुमचा भाऊ संडेस्कूलला शिकवायचा ते नाटक नव्हतं. त्याचं तुमच्यावर प्रेम नव्हतं म्हणून हे झालं, असं चुकूनही धरू नका.

मला शुद्धीवर आणलं ते शास्त्रातल्या एलीया संदेष्ट्यानं. पहिले राजे, एकोणिसावा अध्याय. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय, आणि लगेच पुढच्या पानावर हा माणूस रानात रतमाच्या झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो. पुरे झालं म्हणतो. देव त्यावर काय करतो? भाषण देत नाही. संदेष्टा असून असं बोलतोस, असं विचारत नाही. झोपू देतो. मग दूत येऊन हात लावून उठवतो, निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी देतो. एलीया खातो आणि परत झोपतो. दूत परत येतो, परत खायला देतो, वर म्हणतो की वाट तुला झेपण्यापलीकडची आहे. झेपत नाही, हे देवाकडूनच आलंय तिथं. आमच्या पाळकांनी हे मला वाचून दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः स्कूटरवर बसवून मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं. गोळ्या बरीच वर्षं घेतल्या. आजही गरज पडली तर जातो.

मला नरकाच्या भीतीनं वाचवलं नाही, हे पंचसाहेबांना सांगायचंय. भीतीनं एवढंच झालं की मी कोणाला बोललो नाही.

एक_नर्स

वरच्या प्रतिसादाला मनापासून धन्यवाद. मी पुण्यात मानसोपचार विभागात काम केलेलं आहे, काही व्यवहाराच्या गोष्टी लिहिते.

नगरच्या ताई, आई रात्री दोनला उठते, ते एवढे महिने चाललंय. खाणं कसं आहे? "मीही त्याच्याकडे जाते" असं काही बोलतात का? हे सरळ विचारायला घाबरू नका, विचारल्यानं डोक्यात भरत नाही. अशा घरांत जवळच्या माणसांनाही धोका असतो, म्हणून आईंना एकदा डॉक्टरांकडे न्याच. आणि स्वतःलाही. टेली मानस ही सरकारी सेवा १४४१६ वर चोवीस तास असते, मराठीत बोलता येतं.

गोळ्या बंद केल्याचं तुम्हाला कळलं नाही. हे तुम्ही पहिल्याच परिच्छेदात लिहिलंत, त्यावरून वाटतं की रोज रात्री ते तुम्ही उगाळत असाल. बरं वाटलं की गोळ्या सोडणं इतकं नेहमीचं आहे की आम्ही वॉर्डातून सोडताना पहिलं तेच बजावतो. तरी सोडतात, आणि लपवणाऱ्यानं लपवलं तर डॉक्टरांनाही कळत नाही.

घरात लहान मुलं असतील तर त्यांना खोटं सांगू नका. "मामाच्या मनाला मोठा आजार झाला होता आणि त्यात तो गेला" एवढं पुरतं, पुढचं ती विचारतील तसं. बाहेरून कळलं की जास्त तुटतात.

पंचसाहेबांचा एक मुद्दा मात्र मी सोडून देणार नाही. उदात्तीकरण नको, हे बरोबर आहे. "आता तो सुटला, देवाच्या घरी सुखी आहे" असं तरुण मुलांसमोर एवढंच बोलू नये. ऐकणाऱ्यातल्या एखाद्याला तो रस्ता वाटू शकतो. आजार होता, उपचार असतात, तो आपल्याला हवा होता, हे त्यासोबत बोलायलाच हवं. पण विधी नाकारून कोणी वाचत नाही. २०२२ मध्ये सरकारी आकड्यांत महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्या नोंदल्या गेल्या, देशात सर्वात जास्त. म्हणजे रोज साठच्या वर घरं. कायद्यानंही २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलंय आणि सरकारनं त्याची काळजी घ्यावी म्हटलंय. कायद्याच्या मागं चर्चनं राहू नये.

जुना_पंच

सगळं वाचलं. पाळकसाहेबांचा करिंथकरांचा अर्थ मी घरी परत लावून पाहीन, तूर्त मला पूर्ण पटलेला नाही. प्रत्येकाचं तारण झालंच असं म्हणायचा अधिकारही आपल्याला नाही. पण झालं नाही असं म्हणायचा अधिकार तरी कुठून आला, हा प्रश्न रास्त आहे. अहीथोफेलाचं वचन मला ठाऊक नव्हतं. पेटी आत नेऊ न देणं आणि आईला दारात तसं बोलणं याचं समर्थन मी करणार नाही.

नगरची_लेक

इतकं सगळं... रविवारी दुपारी बसून आईला वाचून दाखवलं. रोमकरांसचं वचन तिनं ऐकून घेतलं, काही बोलली नाही. झुडपाखालीभाऊंचं वाचताना मात्र थांबवलं आणि म्हणाली, "परत वाच." मग विचारलं, "त्याला भाकर कोणी दिली असेल का गं?"

नर्सताई, तुम्ही विचारलंत तसं मी आईला सरळ विचारलं. हो म्हणाली, कधीकधी येतं मनात. डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

पण मला अजून एक विचारायचंय आणि ते वाईट दिसेल. मला देवाचा राग येतो. आम्ही घरात रोज संध्याकाळी भक्ती करायचो, त्याच्यासाठी मागायचो. सगळे म्हणतात देवाची इच्छा होती. असली कसली इच्छा?

निवृत्त_पाळक

मुली, वाईट दिसत नाही. योहान अकरा उघड. लाजर मेला, आणि निरोप मिळूनही येशू दोन दिवस उशिरा निघाला. मार्था वाटेवरच गाठून म्हणते, "प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता." थोड्या वेळानं मरीया येते, पायाशी पडते आणि तेच वाक्य म्हणते. दोघी बहिणी, एकच तक्रार, थेट तोंडावर. तू जे म्हणतेस ते शास्त्रात आधीच लिहून ठेवलेलं आहे, तुझ्याआधी दोघी म्हणून गेल्या आहेत. येशू त्यांना गप्प करत नाही. लाजराला उठवणार हे त्याला ठाऊक आहे, तरी कबरेकडे निघताना तो रडतो. बापाची इच्छा होती, रडू नका, असं म्हणत नाही. मग आपण का म्हणतो?

तुझ्या भावाचं मरण देवाची इच्छा होती, असं मी कोणाच्याही कबरेवर म्हटलेलं नाही. का झालं ते मला माहीत नाही. आशा कशावर ठेवतोस म्हणशील तर एवढंच: दर रविवारी उभं राहून विश्वास कबूल करताना आपण येशूबद्दल "तो अधोलोकात उतरला" असं म्हणतो. पटकन म्हणून पुढं जातो. पण त्याचा अर्थ असा की माणूस जिथवर बुडू शकतो तिथवर तो जाऊन आला आहे, आणि वधस्तंभावर "तू माझा त्याग का केलास" हे ओरडूनच गेला आहे. तुझा भाऊ ज्या काळोखात होता तिथं येशू पोचला नसेल, असं मी मानत नाही. आईनं भाकरीचं विचारलं ना, तिला हे सांग. आणि तिला सांग की तिसऱ्या दिवशी कबर रिकामी सापडली म्हणून आपण यादीत "निजलेले" असं लिहितो. निजलेल्याला उठवतात.

तोवर प्रार्थना करवत नसेल तर स्तोत्र ८८ वाचा दोघी. त्याचा शेवट अंधारातच होतो, उजेड येतच नाही. तेही देवाचं वचन म्हणूनच ठेवलं आहे.

सांजवारा

भेटायला येणाऱ्यांनी काय बोलावं, यावरही लिहा ना कोणी. आम्हाला खरंच कळत नाही, म्हणून जाणंच टाळतो.

वसईची_मावशी

टाळू नका, त्याचंच जास्त लागतं. इयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर उत्तम मित्र होते. तोंड उघडलं आणि बिघडलं. डबा घेऊन जा. मुलाचं नाव घ्या, त्याची एखादी आठवण सांगा; आया त्याच्यासाठी आसुसलेल्या असतात. पहिल्या महिन्यात सगळे येतात, सहाव्या महिन्यात कोणी येत नाही, तेव्हा जा. वाढदिवस लक्षात ठेवा. "कसं झालं" विचारू नका आणि "माझ्या चुलत्याच्या मेव्हण्याचं पण असंच" हे तर अजिबात नको.

झुडपाखाली

मावशी, शेवटच्याला +१. फिलिप्पैच्या तुरुंगाचीही आठवण झाली. प्रेषितांची कृत्ये १६. तुरुंगाचा नायक स्वतःला संपवायला निघतो, तेव्हा पौल अंधारातून ओरडतो की स्वतःला काही करू नकोस, आम्ही सगळे इथंच आहोत. आधी कैदी पळाले नाहीत हे कळवलं, सुवार्ता नंतर सांगितली.

नगरची_लेक

अपडेट द्यायचं राहिलं होतं. १ तारखेला लिहिणार होते, जमलं नाही.

पाळकसाहेबांची परवानगी घेऊन त्यांची मोठी पोस्ट छापून मी आमच्या पाळकांना दिली होती. त्यांनी ती कमिटीत वाचली. दोघांनी विरोध केला, तो नोंदवून घेतला, आणि भावाचं नाव यादीत आलं. ३१ ला वाचलं. नाव वाचल्यावर मागून कोणीतरी उठून गेलं, कोण ते मी पाहिलं नाही. आई आली नव्हती. थंडी आहे म्हणाली. मंगळवारी मात्र संडेस्कूलची पोरं घरी आली होती, त्यांना तिनं चहा-करंज्या दिल्या आणि ढोलकी त्यांच्यातल्या एकाला देऊन टाकली. मला न विचारता. मला थोडं लागलं ते. गोळ्या चालू आहेत, झोप थोडी सुधारलीय. वर्षाची उपासना जुलैमध्ये घरी ठेवायची म्हणतोय.

निवृत्त_पाळक

विरोध नोंदवून घेतला हे चांगलं केलं, दाबलं असतं तर तो कुजबुजीत गेला असता. जुलैच्या उपासनेला शास्त्रभाग योहान अकरा घ्या, आणि दफनाच्या वेळी राहिलेली गीतं सगळी म्हणा. तारीख ठरली की व्यनि (खाजगी निरोप) कर. तब्येतीनं साथ दिली तर येईन.

पाऊलवाट_२२

नवीन आहे इथं. कालपासून हा धागा तिसऱ्यांदा वाचतेय. माझे पती नोव्हेंबरमध्ये असेच गेले. मुलगी सात वर्षांची आहे, तिला अपघात म्हणून सांगितलंय. आता खरं कसं सांगू?

एक_नर्स

ताई, बरं केलंत लिहिलंत. अपघात सांगितलात ते त्या दिवशी सुचलं तसं सांगितलंत, ते बदलता येतं. उघड धाग्यावर नको, व्यनि केलाय, बघा. तुमच्यासोबत घरी आत्ता कोण आहे ते आधी कळवा.